मुक्या जनावरांची साक्ष

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागांत आळे आणि बेल्हे हीं दोन गांवें थोड्या अंतरावर वसलेलीं आहेत. ज्ञानेश्वरांनीं ज्याच्या मुखीं वेद वदविले, त्या रेड्याची समाधि आळे येथें आहे अशी परंपरागत श्रद्धा असून वारकरी मंडळी आजही तेथें माथा टेकतात. बेल्हे प्रसिद्ध आहे तें दर सोमवारीं भरणाऱ्या बैलबाजाराबद्दल. एका गांवीं बोलणाऱ्या जनावराची आठवण आणि दुसऱ्या गांवीं न बोलणाऱ्या जनावरांचा सौदा, असा हा योगायोग आहे. संतांच्या कृपेनें एका रेड्यास वाचा फुटली; पण बाजारांत दावणीला उभें असलेलें जनावर स्वतःच्या दुखण्याविषयीं एक शब्दही सांगूं शकत नाहीं. विकणारा सांगेलच अशी खात्री नाहीं. मग घेणाऱ्यानें तें ओळखावें कसें?

हा प्रश्न वरवर पाहतां शेतकऱ्याच्या खिशापुरता दिसतो. वस्तुतः त्यानें गेल्या दीडशें वर्षांत सरकारें, शास्त्रज्ञ आणि सबंध राष्ट्रें ह्यांस गुंतवून ठेविलें आहे. त्याचें उत्तर शोधण्याचा एक मोठा उद्योग पुणें शहरांत सुरू झाला, आणि त्या उद्योगाच्या शेवटीं एक रोग पृथ्वीच्या पाठीवरून समूळ नाहींसा झाला. औषधांच्या व लशींच्या कथा लोकांस बऱ्याच ठाऊक असतात. रोग ओळखण्याच्या कलेचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. तो थोडक्यांत सांगावा, आणि त्यांतून आजच्या दूधधंद्यास कांहीं बोध मिळतो कीं काय हें पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

बाजारांत येणारा शेतकरी ह्या बाबतींत अज्ञानी असतो अशी समजूत कोणी करून घेऊं नये. तो बैलाचा जबडा उघडून दांत पाहतो. आदत, दोनदाती, चारदाती कीं जुळलेला, हें क्षणांत ठरवितो. खांद्याला जुवाचा घट्टा आहे कीं नाहीं, खूर सारखे आहेत कीं नाहींत, चालतांना पाऊल कसें पडतें, हें तो निरखून बघतो. गाय घ्यावयाची असेल तर कासेची ठेवण, सडांमधील अंतर आणि पोटाखालून गेलेली दुधाची शीर त्याच्या नजरेंतून सुटत नाहीं. नाकपुडी कोरडी पडली, कान गार लागले, रवंथ करणें थांबलें, कीं जनावरांत कांहीं बिघाड आहे हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. हीं लक्षणें पिढ्यान्‌पिढ्या पारखून घेतलेलीं आहेत, व शिकलेला पशुवैद्यही परीक्षेचा आरंभ त्यांवरूनच करतो.

परंतु डोळ्याच्या परीक्षेस एक मर्यादा आहे, आणि ती पाहणाऱ्याच्या हुशारीनें ओलांडतां येत नाहीं. विषाणु शरीरांत शिरल्यापासून पहिलें लक्षण दिसेपर्यंत कांहीं काळ जातो. लाळ्या-खुरकुतांत तो बहुधा दोन दिवसांपासून चौदा दिवसांपर्यंत असतो. लंपी चर्मरोगांत तो चार आठवड्यांपर्यंतही लांबतो. ह्या अवधींत जनावर खातें, पितें, दूध देतें आणि बाजारांतही उभें राहतें. लाळ्या-खुरकुतांत तर तोंडांत फोड येण्यापूर्वींच दुधांतून विषाणु बाहेर पडूं लागतो. ज्या सोमवारीं घेणाऱ्यानें जनावर पारखून घेतलें, त्या सोमवारीं त्याच्या डोळ्यांनीं त्याला फसविलें असें म्हणतां येत नाहीं. पाहण्यासारखें तेव्हां कांहीं नव्हतेंच. बाजार म्हणजे पन्नास गांवांच्या दावणी एका दिवसापुरत्या एकत्र बांधणें होय. संध्याकाळीं त्या सुटतात आणि पन्नास वाटांनीं जातात. किमतीचें बोलणें उपरण्याआड बोटें दाबून करण्याची जुनी रीत गुरांच्या बाजारांत आहे. परंतु गोठ्यांतील दुखण्याची गोष्ट उपरण्याआडही निघत नाहीं.

जुन्या काळीं गुरांच्या सर्व रोगांत भयंकर समजली जाई ती बुळकांडी. आज हा शब्द तरुण शेतकऱ्यांच्या तोंडीं राहिलेला नाहीं, आणि कां राहिला नाहीं हेंच येथें सांगावयाचें आहे. बुळकांडी लागली कीं प्रथम कडक ताप येई. मग डोळ्यांतून व नाकांतून पाणी वाही, हिरड्यांवर आणि जिभेखालीं कोंडा चिकटल्यासारखे व्रण उठत, आणि शेवटीं रक्तमिश्रित हगवण लागून जनावर आठवड्या-दीड आठवड्यांत मान टाकी. ज्या देशांतील गुरांस ह्या रोगाचा पूर्वीं स्पर्श नव्हता, तेथें शंभरांपैकीं ऐंशीं-नव्वद जनावरें मरत. हिंदुस्थानच्या मैदानी मुलखांतील देशी गुरांत शतकांच्या सहवासानें थोडी प्रतिकारशक्ति आली होती. त्यामुळें त्यांतलीं कित्येक बरीं होत. हें सुदैवच, पण शोधणाऱ्याची अडचणही त्यांतच होती. सौम्य बुळकांडी साध्या हगवणीसारखी दिसे, आणि असें अर्धवट आजारी जनावर एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत रोग घेऊन हिंडे. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडण्याची चाल महाराष्ट्रांत होती. त्या चालीची थट्टा करणें सोपें आहे. परंतु रोग बाहेरून येतो आणि त्याला शिवेवर अडवावें लागतें, ही जाणीव तींत होती. उणीव एवढीच कीं, एका गांवाची शीव ती शेजारच्या गांवाचीही शीव असते, आणि येथून लोटलेला गाडा तेथें जाऊन उभा राहतो.

युरोपांतील सुधारलेल्या राष्ट्रांची स्थितीही त्या काळीं फारशी वेगळी नव्हती. १८६५ सालच्या उन्हाळ्यांत बाल्टिक समुद्राच्या बाजूनें आलेलीं गुरें इंग्लंडच्या हल बंदरांत उतरलीं, आणि त्यांतलीं कांहीं लंडनच्या इस्लिंग्टन येथील बाजारांत विक्रीस गेलीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत शहरांतील गवळ्यांच्या गोठ्यांतून दुभत्या गाई मरूं लागल्या. रोगाचें खरें स्वरूप लोकांस पटेपर्यंत तो बाजाराच्या वाटेनें दूरदूर पोंचला होता. शेवटीं गुरांची ने-आण बंद करून आणि रोगी जनावरें मारून टाकून तो आवरण्यांत आला. मारून टाकण्याचा हा उपाय जुनाच. पोपचा वैद्य लान्सीझी ह्यानें तो अठराव्या शतकाच्या आरंभीं सुचविला होता. त्याचा गुण नाकारतां येत नाहीं. पण त्यामुळें रोग ओळखला जाणें म्हणजे गोठ्यास मृत्युदंड होणें, असें समीकरण मालकाच्या मनांत बसतें, आणि मग रोग ओळखूं न देण्याकडे त्याची बुद्धि धांवते.

हिंदुस्थानांत गाईबैलांची अशी सरसकट कत्तल लोकभावनेस कधींच मानवली नसती. तेव्हां मारल्यावांचून रोग ओळखावा व आवरावा कसा, ह्याचा विचार येथें करणें भाग होतें. सरकारास ही चिंता केवळ भूतदयेनें लागली होती असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखांत नांगर, मोट आणि गाडी हीं तिन्ही बैलांवर चालत, तेथें बैल मेला कीं पेरणी अडे, व पेरणी अडली कीं सारा अडे. पुण्यास १८६२ सालीं लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली होती. पुढें गुरांच्या मरीची चौकशी करण्याकरितां हॅलन प्रभृति सभासदांचें कमिशन बसलें व त्याचा अहवाल १८७१ सालीं प्रसिद्ध झाला. प्रांतोप्रांतीं निरनिराळ्या नांवांनीं ओळखली जाणारी ही मरी आणि युरोपांतील गुरांची मरी एकच होय, हें त्यानें प्रतिपादिलें. नांवांचा गोंधळ मिटणें ही निदानाची पहिली पायरी असते. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. आणि १८८९ च्या डिसेंबरांत पुण्याच्या सायन्स कॉलेजांत 'इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. आज जिला आपण भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था म्हणून ओळखतों, तिचें हें मूळ होय. पुणेकरांपैकींही फार थोड्यांस ही गोष्ट ठाऊक असेल.

प्रयोगशाळेचा कारभार डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड ह्यांजकडे होता. परंतु भर वस्तींत असे स्पर्शजन्य रोग हाताळणें धोक्याचें, आणि पुण्याचा उन्हाळाही ह्या कामास प्रतिकूल. म्हणून १८९३ सालीं ती कुमाऊंच्या पहाडांत, सुमारें साडेसात हजार फूट उंचीवर, मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. १८९७ सालीं रॉबर्ट कॉख हा विख्यात जर्मन शास्त्रज्ञ तेथें येऊन गेला. दक्षिण आफ्रिकेंत किंबर्ले येथें बुळकांडीवर काम करून तो प्लेगच्या चौकशीसाठीं मुंबईस आला होता. मेलेल्या जनावराचें पित्त टोंचल्यास निरोगी जनावरास बुळकांडीपासून संरक्षण मिळतें, असें त्यानें दाखविलें होतें. पण क्षयाचा व पटकीचा जंतु ज्यानें जगास दाखविला, त्याच्याही सूक्ष्मदर्शकाखालीं बुळकांडीचा जंतु सांपडला नाहीं.

तो कां सांपडला नाहीं ह्याचा उलगडा लौकरच झाला. १८९८ सालीं लोफ्लर व फ्रॉश ह्या दोघां जर्मन संशोधकांनीं लाळ्या-खुरकुताच्या फोडांतील द्रव, जंतूंना अडविणाऱ्या अति बारीक गाळणींतून गाळला. गाळून आलेल्या स्वच्छ द्रवांत जंतु एकही नव्हता. तरी तो टोंचतांच वासरांस रोग झाला. जनावरांच्या रोगांत विषाणूचा हा पहिला पुरावा होय. १९०२ सालीं निकोल व आदिल बे ह्यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें बुळकांडीविषयींही तेंच सिद्ध केलें. म्हणजे ज्याला शोधावयाचें तो तेव्हांच्या कोणत्याही भिंगाखालीं दिसणाराच नव्हता. साध्या डोळ्यांप्रमाणेंच सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्यासही येथें हार खावी लागली.

शत्रु दिसत नसला तरी त्याची करणी दिसते, ह्या तत्त्वावर मग निदानाची रीति बसविण्यांत आली. संशयित जनावराचें रक्त घेऊन तें दोन जनावरांस टोंचावयाचें. त्यांतील एक बुळकांडीपासून पूर्वींच सुरक्षित केलेलें, आणि दुसरें तसें न केलेलें. पहिलें धडधाकट राहिलें आणि दुसरें आजारी पडलें, तर रोग बुळकांडीच होय असें ठरे. निकाल खात्रीचा होता. परंतु त्यास दिवसांमागून दिवस लागत, आणि एका जनावराचें दुखणें ओळखण्याकरितां दुसऱ्या निरपराध जनावरास तें दुखणें द्यावें लागे. निकाल हातीं येईपर्यंत गांवांतील साथ पुढच्या चार बाजारांपर्यंत जाऊन पोंचलेली असे. १९२० नंतरच्या दशकांत मुक्तेश्वर येथें जे. टी. एडवर्ड्स ह्यांनीं हा विषाणु बकऱ्यांच्या शरीरांतून पुनःपुन्हां नेऊन सौम्य केला, आणि त्यापासून स्वस्त लस तयार झाली. हीच लस घेऊन स्वतंत्र भारतानें १९५४ सालीं बुळकांडीच्या निर्मूलनाची राष्ट्रीय योजना सुरू केली. पुढें केनियांत वॉल्टर प्लोराइट ह्यांनीं पेशींच्या संवर्धनावर वाढविलेली अधिक निर्धोक लस जगास दिली. गांवोगांव गुरें टोंचलीं गेलीं, आणि साथी मोठ्या प्रमाणांत ओसरल्या.

इतक्यावर इतिहास संपला असता तर तो लशीचा इतिहास झाला असता. साथी ओसरल्या तरी रोग संपेना. कोठें ना कोठें तो पुन्हां डोकें वर काढी. रोगाची शेवटची बीजें कोठें दडलीं आहेत हें शोधावयाचें कसें, हा प्रश्न आतां मुख्य झाला. त्याचें उत्तर रक्तांत होतें. शरीरांत विषाणु शिरला म्हणजे त्याच्याशीं झुंजण्याकरितां रक्तांत विशिष्ट द्रव्यें उत्पन्न होतात. त्यांस आपण प्रतिपिंडें म्हणतों. रोग बरा झाल्यावरही तीं दीर्घकाळ टिकतात. जनावर बोलत नसलें तरी त्याच्यावर काय बेतलें होतें ह्याची नोंद त्याच्या रक्तांत राहते. ही नोंद वाचण्याची एलायझा नांवाची रीति प्रचारांत आली. प्लॅस्टिकच्या एका पट्टींत शहाण्णव लहान खळगे असतात. प्रत्येकांत एका जनावराच्या रक्तांतील पाणी घालावयाचें, ठरलेलीं द्रव्यें मिसळावयाचीं, आणि रंग उमटतो कीं नाहीं हें पाहावयाचें. बुळकांडीच्या परीक्षेंत प्रतिपिंडें असलीं तर रंग फिकट पडे, नसलीं तर गडद उमटे. दुसऱ्या जनावरास रोग द्यावयाचें कारण उरलें नाहीं, आणि एका दिवसांत शेंकडों जनावरांची साक्ष घेतां येऊं लागली.

परंतु येथें एक विलक्षण पेंच उभा राहिला. लस टोंचल्यानेंही रक्तांत तींच प्रतिपिंडें उत्पन्न होतात. तेव्हां ज्या मुलखांत सर्व गुरें टोंचलेलीं आहेत, तेथें प्रत्येक रक्त एकच गोष्ट सांगणार. ती लशीची कीं रोगाची, हें कोणास कळणार? ज्या लशीनें गुरें वांचविलीं, तीच आतां रोगाचा माग पुसून टाकीत होती. जग बुळकांडीमुक्त करावयाचें तर एका टप्प्यावर लस थांबवावयाची, आणि त्यानंतर जन्मलेल्या, कधींही न टोंचलेल्या गुरांचें रक्त तपासावयाचें, एवढा एकच मार्ग उरला. त्या रक्तांत प्रतिपिंडें निघालीं तर रोग अजून जिवंत आहे. वर्षामागून वर्ष शोधूनही निघालीं नाहींत, तर तो खरोखरच मेला.

हा निर्णय किती धाडसाचा होता ह्याची वाचकांनीं कल्पना करावी. पन्नास वर्षें धरलेली ढाल खालीं ठेवून, शत्रु येतो कीं काय हें पाहत बसावयाचें होतें. आमच्या मतें बुळकांडीच्या इतिहासांतील निर्णायक क्षण हाच होय. १९९२ पासून भारतानें युरोपीय राष्ट्रांच्या साहाय्यानें ही मोहीम नव्या जोमानें चालविली. देशांतील शेवटची साथ १९९५ सालीं झाली. १९९८ सालीं तात्पुरत्या मुक्ततेची घोषणा झाली. लस टप्प्याटप्प्यानें बंद केली गेली, आणि गांवोगांवच्या गुरांचें रक्त जमा होऊं लागलें. तेथें बाजारांतलें जुनेंच कसब कामास आलें: जनावर लस बंद झाल्यानंतर जन्मलेलें आहे कीं नाहीं हें ठरविण्याकरितां तपासनीस त्याचे दांतच पाहत. २००६ सालीं भारत बुळकांडीच्या संसर्गापासून मुक्त असल्याचें आंतरराष्ट्रीय संस्थेनें मान्य केलें, आणि २०११ सालीं सबंध जग मुक्त झाल्याचें जाहीर झालें. मनुष्यानें पृथ्वीवरून नाहींसे केलेले रोग दोनच. पहिला माणसांचा देवीरोग, आणि दुसरा गुरांची बुळकांडी.

ह्या विजयानें गोठ्यांतील चिंता मात्र सरली नाहीं. दरम्यान जुन्नरच्या मुलखांतील शेतीचें स्वरूप पालटलें होतें. कुकडी प्रकल्पाचे कालवे आले, बागायत वाढली, ट्रॅक्टरानें बैलाचें बरेंच काम घेतलें, आणि घराघरांत संकरित दुभती गाय उभी राहिली. पूर्वीं बैल मेला कीं शेत अडे. आतां गाय आटली कीं महिन्याचा घरखर्च अडतो. ह्या धंद्यांतील कित्येक विषाणुरोग बुळकांडीसारखे गाजावाजा करीत येत नाहींत. आयबीआर ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या नासिकारोगाचेंच उदाहरण घ्यावें. गाय चार दिवस शिंकते, दूध कमी देते, एखादी गाभडते, आणि पुन्हां पूर्ववत् दिसूं लागते. पण विषाणु तिच्या मज्जातंतूंच्या गांठींत दडून जन्मभर राहतो, आणि प्रवासाचा किंवा विण्याचा ताण पडला कीं पुन्हां बाहेर पडतो. म्हणजे बाजाराची वाटच त्याला जागें करते. तो वळूच्या रेतांतूनही जातो. आणि गोठविलेल्या रेताच्या ह्या काळांत एका वळूचें रेत हजारों गाईंपर्यंत पोंचत असल्यामुळें, रेतकेंद्रांतील प्रत्येक वळूची नियमित रक्तपरीक्षा करण्याचा दंडक केंद्र सरकारनें घातला आहे.

दुसरा रोग ह्याहूनही फसवा आहे. बीव्हीडी नांवाचा अतिसाराचा विषाणु गाभण गाईस पहिल्या चार महिन्यांच्या आंत बाधला, तर पोटांतील गर्भ त्याला परका समजतच नाहीं. असें वासरूं जन्मास आलें म्हणजे जन्मभर विषाणु बाहेर टाकीत राहतें, आणि त्याच्या रक्तांत प्रतिपिंडें मात्र नसतात. प्रतिपिंडांची परीक्षा त्यास निर्दोष ठरविते. अशा वेळीं विषाणूचाच शोध घ्यावा लागतो, आणि त्याकरितां कानाच्या कातडीचा बारीक तुकडा पुरतो. कोणत्या साक्षीदारास कोणता प्रश्न विचारावा हें ठाऊक नसेल, तर खरी साक्षही दिशाभूल करते, हा धडा ह्या रोगानें शिकविला.

लाळ्या-खुरकुताच्या बाबतींत बुळकांडीचाच पेंच पुन्हां आला, पण ह्या वेळीं तो सोडविण्यास लस थांबवावी लागली नाहीं. विषाणु शरीरांत वाढतांना कांहीं अशीं प्रथिनें उत्पन्न करतो कीं जीं शुद्ध केलेल्या लशींत नसतात. त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडें आढळलीं तर जनावरास खरा संसर्ग झाला होता. न आढळलीं तर रक्तांत आहे तें लशीचेंच काम. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमांत गुरांस ठराविक मुदतीनें लस देऊन अशा रक्तपरीक्षेची जोड देण्यांत आली आहे. जनावराच्या कानांत बारा आंकडी बिल्ला आहे. त्यामुळें प्रत्येक रक्ताच्या थेंबास निदान एक पत्ता मिळाला.

दुभत्या जनावरांच्या बाबतींत निसर्गानें आणखी एक सोय करून ठेविली आहे. प्रतिपिंडें दुधांतही उतरतात. तेव्हां सुई न टोंचतां एका भांड्यांतील दुधावरून सबंध कळपाची परीक्षा होते. स्वीडन देशानें १९९३ सालीं बीव्हीडीविरुद्ध मोहीम काढली ती मुख्यतः ह्याच बळावर, आणि लस मुळींच न वापरतां. आपल्याकडे गांवच्या संकलन केंद्रावर रोज दोन वेळां दुधाची परीक्षा होते. पण ती स्निग्धांशाची. दूध कसें आहे हें विचारलें जातें, गाय कशी आहे हें विचारलें जात नाहीं. कोणी म्हणेल कीं तेथें एकाच टाकींत शंभर गोठ्यांचें दूध एकवटतें, मग दोष कोणाच्या गोठ्याचा तें कसें कळावें? शंका रास्त आहे. स्वीडनमधील भांडें एका मालकाच्या कळपाचें असतें, आपल्याकडील टाकी सबंध गांवाची असते. परंतु रोग गांवांत आहे कीं नाहीं एवढें जरी त्या टाकीनें सांगितलें, तरी पुढचा शोध कोठें घ्यावयाचा हें ठरतें. घरोघर रक्त घेत फिरण्यापेक्षां तें खचित सोपें आहे.

शास्त्राच्या ह्या सर्व साधनांची कसोटी लंपीच्या साथींत लागली. आफ्रिकेंत १९२९ सालीं प्रथम नोंदलेला हा रोग २०१९ सालीं ओडिशांत आणि २०२० सालीं गडचिरोलीच्या बाजूनें महाराष्ट्रांत आला. २०२२ च्या पावसाळ्यांत जळगांवकडून उसळलेली लाट राज्यभर पसरली. अंगावर उठलेल्या गांठींच्या खपल्या आणि रक्त ह्यांचे नमुने पुण्यास औंधच्या प्रयोगशाळेंत व भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेंत जात. तेथें विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याचा एक तुकडा लक्षावधि पटींनीं वाढवून त्याची ओळख पटविली जाई. लिंगार्डच्या काळीं जें ओळखण्यास कित्येक दिवस आणि एक बळी लागे, तें आतां प्रयोगशाळेंत कांहीं तासांत ओळखतां येऊं लागलें. त्या सप्टेंबरांत राज्यांतील गुरांचे बाजार बंद ठेवण्यांत आले. बेल्ह्याच्या बाजारासही तोच नियम लागला. जुन्नर-आंबेगांवकडे भाद्रपदांत येणारा बैलपोळा त्याच दिवसांतला.

ह्या साथींत सरकारनें मेलेल्या दुभत्या गाईस ३०,०००, बैलास २५,००० आणि वासरास १६,००० रुपये साहाय्य जाहीर केलें. संकरित गाईच्या बाजारभावापुढें ही रक्कम अपुरी होती हें खरें. तथापि तिच्यायोगें एक गोष्ट घडली: जनावर दगावल्याची वर्दी देण्यांत मालकाचा थोडा तरी लाभ होता. २००९ च्या केंद्रीय कायद्यानें अशी वर्दी देणें हें मालकाचें कर्तव्य ठरविलेंच आहे. पण ज्या कर्तव्यानें माणूस उघडाच पडतो, तें कायद्याच्या पुस्तकांतच राहतें. मेलेल्या जनावराबद्दल पैसे मिळतात; आजारी जनावराची खबर वेळीं दिल्याबद्दल कांहींच मिळत नाहीं. उलट दूध घेणें बंद होतें, गिऱ्हाईक परततें, आणि शेजारी वाट बदलतो. तेव्हां ताप उतरावयाच्या आंत गाय बाजारांत काढावी, असा विचार एखाद्या गांजलेल्या मालकाच्या मनांत आला, तर त्याला केवळ दुष्ट म्हणून भागणार नाहीं.

दीडशें वर्षांच्या ह्या इतिहासावरून आम्हांस असें वाटतें कीं, रोग ओळखण्याची साधनें जसजशीं सूक्ष्म होत गेलीं तसतशी एक गोष्ट अधिकाधिक स्पष्ट झाली. गाळणी, एलायझा, आनुवंशिक परीक्षा, हीं सर्व साधनें नमुना हातीं आल्यानंतरचीं आहेत. नमुना गोठ्यांतून निघतो, आणि तो काढूं द्यावयाचा कीं नाहीं हें मालक ठरवितो. लंडनच्या गवळ्यास १८६५ सालीं ओळखीची भीति वाटली ती गाय मारली जाईल म्हणून. आपल्या शेतकऱ्यास वाटते ती गाय पडून राहील म्हणून. ह्या भीतीवर प्रयोगशाळेंत उतारा नाहीं. संशय कळविणाऱ्यास निकाल लागेपर्यंत दुधाचा कांहीं मोबदला मिळावा, बाजारांत येणाऱ्या जनावराच्या बिल्ल्यावरून त्याच्या गांवीं साथ आहे कीं नाहीं हें तेथल्या तेथें पाहतां यावें, आणि नवें जनावर घरीं आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या दावणीस बांधण्याची चाल पडावी. ह्यांत अशक्य असें कांहीं नाहीं. पहिलीं दोन कामें सरकारचीं व दूधसंघांचीं; तिसरें ज्याचें त्याला उद्यांपासून करतां येईल.

बुळकांडी गेली तेव्हां लोकांनीं लस थांबविण्याचें धाडस केलें, तें आपल्या गोठ्यांत काय आहे हें जगाला दाखविण्याची तयारी ठेवून. तेवढी तयारी दुसऱ्या कोणत्याही रोगाच्या बाबतींत अजून झालेली नाहीं. जनावर मुकें आहे हा निसर्गाचा नियम आहे. त्याच्या वतीनें मालकानेंही मुकें राहावें, असा नियम मात्र परिस्थितीनें केला आहे, आणि परिस्थिति पालटतां येते.